रेडिएटरवरची पट्टी

एक्स-रेच्या खोलीबाहेर सहा खुर्च्या. एकीवर मी, समोर मनगट धरून बसलेली तरुण वैमानिक आणि तिचे मेकॅनिक बाबा.

"थंडीत गार हवा अडून इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून रेडिएटरवर पट्टी मीच चिकटवली, बाळा. काढायची राहिली."

"माहितीये. इंजिन तापून बंद पडलं, शेतात उतरले, तेव्हा दिसली."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही रडत धावत येत होतात. म्हटलं, आधी तुम्हाला चष्मा तरी पुसू द्यावा."

"आता तुझ्या विमानाला हात लावणार नाही."

"लावायचा. पट्टी काढलीत की माझ्या बाहीवर चिकटवा. ती दिसल्याशिवाय मी उडणार नाही."

नर्सने मुलीची नाडी मोजली: शहात्तर.

"काका, तुमचाही हात द्या," ती बाबांना म्हणाली.

एकशे अठरा.