दोन बोटं माया

वजन कमी करायच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती आणि उतरलेलं वजन परत चढलं होतं. डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं, म्हणून शिक्षिकाबाई फाइल पर्समध्ये कोंबून नंबर येण्याआधीच दवाखान्यातून निघायच्या बेतात होत्या. मागच्या बाकावर कपडे शिवणारी एक बाई आणि तिची नणंद बोलत होत्या.

“वहिनी, किती वाढलं गं?”

“बत्तीस किलो गेले होते, त्यातले अकरा परत आले.”

“म्हणजे ऑपरेशन पाण्यात.”

“पाण्यात कसं? एकवीस अजून बाहेरच आहेत की.”

“डॉक्टर ओरडतील.”

“ओरडू देत. ओरडून झाले की विचारीन, आता पुढे काय. मशीनवर बसल्या बसल्या बिस्किटांचा पुडा संपतो, तेही सांगणार आहे.”

“आणि कपडे? सगळे आत घेतले होतेस ना?”

“घेतले, वर शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड, ती मायाच कापून टाकली. म्हटलं, आता कशाला उसवायला लागतंय. जन्मभर गिऱ्हाइकांना दोन बोटं माया सोडली आणि स्वतःच्याच कपड्याला कात्री लावली.”

“मग हा ब्लाउज कसा बसला?”

“बगलेत पट्टी जोडली. दिसते का?”

“दिसते. रंग वेगळा आहे.”

“दिसू दे. वजन उतरलं की परत आत घेईन. पण या खेपेला माया ठेवून.”

तेवढ्यात नर्सनं शिक्षिकाबाईंना हाक मारली. त्या दारापाशी पोचल्या होत्या, तिथून मागे फिरल्या आणि वजनकाट्याजवळ चपला काढल्या.

“मागच्या दोन तारखांना आला नाहीत?” नर्सनं विचारलं.

“नाही आले. चौदा किलो वाढलंय. लिहून घ्या.”