तीन बोटं नीरा

मी, नेई तेरेता, टिरोआची विधवा, वय ५९, काम चटया विणणे, राहणार तेकाइरा गाव, अरानेबा बेट, सध्या राजधानी तारावा येथे चुलत बहिणीकडे मुक्कामी, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

त्या सोमवारी पहाटे मी अंगण झाडलं, चूल पेटवली आणि विणायची केवड्याची पानं दगडाखाली दाबून ठेवली. रेडिओवर प्रार्थना लागली होती, म्हणजे सहा वाजले होते. बाउरो माझ्या दारच्या माडावर गात होता.

हे माड माझ्या नवऱ्याचे. तो खलाशी होता, अकरा वर्षांपूर्वी समुद्रावरच गेला. तेव्हापासून त्याचा मित्र बाउरो माडांची नीरा काढतो आणि अर्धी मला देतो. माडावरून साऱ्या गावाची न्हाणी दिसतात. म्हणून वर चढलेला माणूस गातो आणि खालच्या बायका वर बघत नाहीत. ज्याचं त्याचं गाणं वेगळं. बाउरोचा सूर शेवटी घसरतो.

त्याच वेळी, सहाच्या सुमारास, बेटाच्या उत्तर टोकाला मासेमारी केंद्रातलं बोटीचं इंजिन चोरीला गेलं. तिथल्या दुकानदाराला अंधुक उजेडात एक माणूस पाठमोरा दिसला. त्याने बाउरोचं नाव घेतलं. आमच्याकडून तिथे सायकलने दीड तास लागतो. आठ वाजता कॉन्स्टेबल कैतारा बाउरोला घेऊन गेला.

मी मागोमाग चौकीत गेले आणि गाण्याचं सांगितलं.

"तुम्ही त्याला पाहिलंत?" कैताराने विचारलं.

"नाही. बघत नाहीत. तुझी आई बघते का?"

"मग भूत गात असेल, मावशी. ऐकलेलं चालत नाही. काहीतरी दाखवा."

मी घरी आले. शेजारच्या इओआने म्हाताऱ्याला माडावर चढायला सांगितलं. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, रोज पहाटे आणि संध्याकाळी कापतात आणि दर वेळी धुतलेली रिकामी करवंटी टांगतात. बाउरो पहाटे चढला नसता तर वर आदल्या संध्याकाळची काठोकाठ भरलेली, आंबलेली करवंटी मिळाली असती. इओआनेने उतरवलेल्या करवंटीत तीन बोटं नीरा होती. आम्ही दोघांनी चाखली. गोड होती.

दहा वाजता मी ती घेऊन परत चौकीत गेले. कैतारा दारात सायकलची चेन बसवत होता.

"मावशी, पोलिसांना पाजायला आलात?"

"आत्ता चाखून बघ आणि लिही. ऊन आहे, आंबेल."

"बसा. रांगेने घेतो."

रांगेत मी एकटी होते. मी बाकावर बसले. अकराला सांगितलं, बाराला सांगितलं. बारानंतर तो जेवायला गेला. ऊन बाकावर आलं तेव्हा मी करवंटी माझ्या सावलीत धरली. तीन वाजता त्याने मला बोलावलं आणि एक घोट घेतला.

"ही तर माडी झालीय. म्हणजे कालचीच."

"कालची असती तर भरलेली असती. तीन बोटंच का आहे?"

"वाटेत प्यायला असाल."

मग त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'साक्षीदाराने माडी आणली.' मी कागद मागितला.

"तुम्हाला वाचता येतं?"

येतं. नवऱ्याची बोटीवरून येणारी पत्रं मला दुसऱ्यांकडून वाचून घ्यावी लागत. तो गेल्यावर ती परत परत कुणाकडे न्यायची, म्हणून मी शिकले. कागदावर 'आदल्या दिवशीची आंबलेली माडी' असं होतं.

"मी दहाला आले आणि तू तीनला चाखलीस, एवढं घाल," मी म्हणाले.

"माझ्या हाताने माझ्याविरुद्ध लिहू?"

"तुझ्याविरुद्ध नको लिहूस. घड्याळात बघून लिही."

त्याने लिहिलं नाही. मी सही केली नाही. 'साक्षीदाराचा सहीस नकार' असं लिहून त्याने कागद ठेवून दिला.

बाउरो मागच्या खोलीत होता. गजांतून म्हणाला, "वहिनी, भांडू नका. उद्या बोटीने मला तारावाला नेणार आहेत. तिकडचे साहेब ऐकतील."

"काय ऐकतील? तुझं गाणं तिकडे कुणाला ठाऊक आहे?"

तो हसला. मग म्हणाला, "इंजिनाला तीन वर्षं देतात म्हणे."

मी घरी निघाले. करवंटी तिथेच बाकावर राहिली.

दुसऱ्या दिवशी मी इओआनेला सोबत घेतलं आणि त्याच बोटीने इथे आले. तो बाहेर बसला आहे, त्यालाही विचारावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला आणि मी स्वतःही वाचला. मी सांगितलं तेच लिहिलं आहे, म्हणून सही करते.

नेई तेरेता