वाटणारीचं पान

(चंद्रपूरचा बस स्टँड. सकाळ. गडचिरोलीची गाडी अजून लागायची आहे.)

सरिता : गुडघ्याची पट्टी द्यायले आली होती ना? दिली. आता जा.

करिश्मा : गाडी लागेपर्यंत थांबते.

सरिता : काऊन? बॅग चढवायले? मले हात आहेत.

करिश्मा : गुडघा सुजला आहे तुझा, ताई. चढताना दुखेल.

सरिता : दुखला तर दुखला. आता गडचिरोलीवाल्याईचा गुडघा आहे तो. तुले काय करायचं त्याचं?

करिश्मा : दर मॅचले मीच पट्टी बांधते. म्हणून माझ्या बॅगेत राह्यली होती.

सरिता : तिथी कोणी ना कोणी बांधून देईल. अन् नाई दिली तर मी स्वतः बांधीन. वाकता येते मले अजून.

करिश्मा : मीटिंग झाल्यापासून तू माझा फोन नाई उचलला. मी घरी आली तर तुझ्या मायनं, कांताबाईनं, चहा दिला, पण तू आतून बाहेर नाई आली.

सरिता : मायचं काय, तिची तू लाडकी आहे. आजबी दोन डबे भरले तिनं. एक माझा, एक तुझा. मी म्हणलं, माय, ती नाई येत आता संग. तर म्हणते, राहू दे, भूक लागते पोरीले.

करिश्मा : कुठी आहे माझा डबा?

सरिता : बॅगेत आहे. देत नाई.

करिश्मा : नको देऊ. पण बोल.

सरिता : काय बोलू? अभिनंदन करू तुझं? सारी बास्केटबॉल लीग करून राह्यली. करिश्मानं काय डोकं चालवलं, करिश्मा नसती तर मालक लोकाईची मारामारी झाली असती. खरंच आहे ते. दरसाल आपणच चॅम्पियन. लोक हाफटाइमले उठून घरी जात होते. मागच्या फायनलले तर शेंगदाणेवालाबी निघून गेला. मंग लीगवाल्याईनं ठरवलं, चंद्रपूरच्या टीमचे दोन भाग करा, एक भाग गडचिरोलीच्या नव्या टीमले द्या, म्हणजे खेळात जान येईल. इथपर्यंत मले समजलं. भाग कसे पाडायचे म्हणून भांडण लागलं, अन् तू उभी राह्यली.

करिश्मा : आमच्या गावात डोहातले मासे तसेच वाटतात. तेवढंच सांगितलं मी.

सरिता : मालूम आहे मले. सागाची पानं मांडायची. एकानं वाटे करायचे. बाकीच्याईनं आधी उचलायचं, वाटणाऱ्यानं शेवटी. उरलं ते त्याचं. म्हणून वाटणारा कोणाच्या वाट्याले कमी करत नाई. तू होस्टेलले आली तेव्हाच सांगितलं होतं हे. मी घरी जाऊन मायले सांगितलं. माय म्हणली, पोरगी चांगल्या लोकाईतली आहे.

करिश्मा : वाटणारा स्वतः पानावर नसते. म्हणून मी मले बाजूले ठेवलं. बाकी साऱ्या पोरींचे दोन वाटे केले. गडचिरोलीच्या कोचनं आधी उचललं. जे पान उरलं, त्याच्यासंग मी.

सरिता : हो ना. अन् मी कोणत्या पानावर होती?

करिश्मा : ताई...

सरिता : नाई, सांग. एका पानावर रिना, तिची बहीण, त्या साऱ्या उंच पोरी. कोणी राज्याकडून खेळलेली, कोणी युनिव्हर्सिटीकडून. अन् दुसऱ्या पानावर? याच साली आलेल्या पोरी. त्यातली एक तर कंडक्टरनं पैशाची बॅग धरावी तसा दोन्ही हातानं बॉल धरून पळते. अन् त्याईच्या संग मी. सुजलेला गुडघा घेऊन.

करिश्मा : मले तसं नव्हतं म्हणायचं.

सरिता : म्हणायचं नसते ते, दिसते. अख्ख्या मीटिंगले दिसलं. तू आश्रमशाळेतून आली तवा बॉल हातानं नाई, नाकानं घेत होती. आठवते? नाक धरून रडली, अन् मराठीत रडावं का तुमच्या माडिया बोलीत, तेबी तुले समजत नव्हतं. मी तुले रोज संध्याकाळी पास देत बसायची. हळू पास. मंग जोरात. तुझा डावा हात चड्डीले पुसला गेला का मी समजायची, आता ही आत घुसणार. तू वळायच्या आधी बॉल तिथी असायचा. लोक म्हणायचे, करिश्माले मागं बी डोळे आहेत.

करिश्मा : मले नाई मागं डोळे. तू होती मागं.

सरिता : पेपरात तुझा फोटो यायचा. एका फोटोत माझं कोपर आलं होतं, तेबी मी कापून ठेवलं. मी कधी जळली नाई, करिश्मा. देवाशपथ म्हणत नाई मी, पण मायची शपथ. तुझं बास्केट झालं का मले वाटायचं आपलंच झालं. अन् तूच मले त्या पानावर टाकलं. इतकं बोलायचं होतं. झालं बोलून.

करिश्मा : मले तुझ्यासारखं बोलता येत नाई.

सरिता : नको बोलू. ते पाह्य, श्रीहरीभाऊ आले. आता माझे कोच आहेत ते. चहा घेऊन आले, तू मात्र...

श्रीहरीभाऊ : मी तीन आनले. मले दुरूनच दिसली करिश्माबाई. एवढी उंची लपते काय? घ्या, गरम आहे तवर घ्या.

करिश्मा : मी जातेच, भाऊ.

श्रीहरीभाऊ : जासाल. चहा पिऊन जा. मी काही तुमचा दुश्मन नाई, नुसता समोरच्या टीमचा कोच आहो. रडली काय सरिताबाई?

सरिता : डोळ्यात धूळ गेली.

श्रीहरीभाऊ : या स्टँडावर धूळ लय. मंग त्या धुळीसाठीच एक गोष्ट सांगतो. गाडीत सांगनार होतो, पन बरं झालं, दोघी एका जागी भेटल्या. तुम्ही इचारलं नाई मले, का श्रीहरीभाऊ, रिनावालं भरलेलं पान सोडून तुम्ही हे पान काहून उचललं?

सरिता : विचारायचं काय त्यात? तुमची मर्जी. घाईत उचललं असल.

श्रीहरीभाऊ : घाईत? लीगवाले मले खुनावत होते, भाऊ, पह्यलं घ्या, पह्यलं घ्या. माझा मालक तर टेबलाखालून पाय मारत होता. मी जातीचा ढीवर आहो, बाई. बाप तलावात जाळं टाके. मासे वाटताना मी लहानपनापासून पाह्यलं. अन् वाटनारा कधी लबाडी करते तेबी पाह्यलं.

सरिता : कशी लबाडी?

श्रीहरीभाऊ : त्याले एखादा मोठा मासा पसंत राह्यते. पन पान तर शेवटी उचलाचं आहे त्याले. मंग तो काय करते? एका पानावर चमचमनारे मासे रचते, दिसाले भरपूर. अन् आपला पसंतीचा मासा दुसऱ्या पानावर बारीक चिंगऱ्याखाली दाबून ठेवते. लोक चमकते ते उचलते. दबलेलं पान उरते. त्याच्याच घरी जाते.

सरिता : मंग?

श्रीहरीभाऊ : मी मीटिंगमधी पोरींकडं पाहतच नव्हतो. या बाईच्या डोळ्याकडं पाहत होतो. ही रिनावाल्या पानाकडं पाहे, माझ्याकडं पाहे, पुन्हा रिनाकडं. तुमच्या पानाकडं एक डाव नाई पाह्यलं. मी मनात म्हनलं, श्रीहरी, मासा तिथी आहे.

सरिता : करिश्मा. हे खरं आहे?

करिश्मा : हो.

सरिता : वर पाह्य, माझ्याकडं. मले लपवून ठेवलं होतं तू?

करिश्मा : मले वाटलं, कोणी त्या पोरींचं पान उचलणार नाई. तू उरशील. मंग आपण दोघी त्या नव्या पोरींना शिकवू. हरलो असतो एक-दोन साल. चाललं असतं मले.

सरिता : तुले हरणं चाललं असतं?

करिश्मा : तुझ्याबिगर जिंकून काय करू? पास कोण देईल मले?

सरिता : पागल आहे तू. अगं, मंग सांगायचं ना मले. चार रात्री मी झोपली नाई.

करिश्मा : कसं सांगू? पद्धत मीच सांगितली लोकांना. मोठेपणा घेतला. अन् पहिल्या वाट्यालेच खोटं केलं. आमच्या तादोनं, आजानं पाह्यलं असतं तर त्यानं माझ्या हातून पानच काढून घेतलं असतं. गावात असं केलं का पुढं कधी वाटायले बसवत नाईत.

श्रीहरीभाऊ : आमच्याकडंबी नाई बसवत. पन मी कोनाले सांगितलं नाई. माझ्याच फायद्याचं झालं, मी काहून सांगू?

सरिता : तुमचा कसला फायदा, भाऊ? रिना गेली तुमच्या हातून. माझा गुडघा आला.

श्रीहरीभाऊ : आयका. आमच्या झाडीपट्टीत नाटक होते. मोठी नटी आनली का तिकीट खपते, हे खरं. पन समोरचा नट कच्चा राह्यला का मंडपात अर्धे लोक घोरते. लीगचं तसंच झालं होतं. करिश्माबाई एकटी खेळे, बाकी साऱ्या टीमा पाहे. हिले कमी खेळा म्हनता येत नाई, पाप लागल. हिले अडवनारं कोनी पाहिजे होतं. रिना अडवनार? रिनाले तर समजनारबी नाई ही कवा वळली ते.

सरिता : म्हणून मी?

श्रीहरीभाऊ : हिले बॉल कुठून पाहिजे ते साऱ्या महाराष्ट्रात एका मानसाले मालूम. मंग कुठून भेटला नाई पाहिजे, तेबी त्यालेच मालूम असल का नाई?

सरिता : तुम्ही लय बदमाश आहात, भाऊ.

श्रीहरीभाऊ : आता कुठी? बदमाशी तर मैदानात सुरू होईल. बसा, मी गाडीचं पाहून येतो. फलाटावर मूल-सावलीवरून जानाऱ्या आपल्या गाडीची पाटी दिसून राह्यली.

करिश्मा : ताई, मी लीगवाल्यांना खरं सांगू का? सांगते. पुन्हा वाटे करा म्हणते. ते दुसऱ्या कोणाले वाटायले बसवतील, मी काही बोलणार नाई.

सरिता : अन् मी पुन्हा दुसऱ्या पानावर जाऊन बसू? जाऊ दे. पाह्य, मघाशी मले वाटत होतं तू मले फेकलं. आता समजलं तू मले दाबून ठेवलं होतं. दोन्हीत मले कोणी विचारलंच नाई.

करिश्मा : चुकलं माझं.

सरिता : चुकलं. पण मले आवडलं, काय करू. अन् खरं सांगू? इतकी वर्षं मी तुझ्यासाठी खेळली. तुझ्याविरुद्ध कधी खेळली नाई. मले पाहायचं आहे जमते का.

करिश्मा : जमेल तुले.

सरिता : तू डावा हात पुसशील ना, मी तिथी आधीच उभी राहीन.

करिश्मा : नाई पुसणार मंग.

सरिता : पुसशील. तुले मालूमबी नाई होत तू कधी पुसते. आताही पुसून राह्यली.

करिश्मा : हे घाम आला म्हणून.

सरिता : असू दे. रिनाले सांग, तू वळायच्या आधी पास द्यायचा, वळल्यावर नाई. अन् तिच्यावर चिडू नको. पह्यले पह्यले तिचे पास नाकावर बसतील.

करिश्मा : हे तू समोरच्या टीमले सांगून राह्यली.

सरिता : एवढंच सांगते. पुढचं नाई सांगणार. घे, डबा घे तुझा. आंबाडीची भाजी आहे, खाली भाकर आहे. मायले फोन करून सांगजो खाल्ला म्हणून.

श्रीहरीभाऊ : सरिताबाई, चला. जागा धरली. खिडकीची आहे, पाय लांब करता येते.

सरिता : आली, भाऊ. करिश्मा, बॅग चढवून दे. दुखून राह्यला खरंच.

करिश्मा : दे इकडं. हळू चढ. दांडी धर.

सरिता : चढली. आता उतर खाली, नाईतर तुलेबी तिकीट लागेल. थांब. ही पट्टी घेऊन जा.

करिश्मा : काऊन? लागल तुले.

सरिता : प्रॅक्टिसले मी बांधीन दुसरी. ही तुझ्याजवळच राहू दे. पह्यली मॅच तुमच्याच संग आहे, गडचिरोलीच्या मैदानात. मॅचच्या आधी आमच्या बाजूले येजो अन् बांधून देजो.

करिश्मा : तुमच्या पोरी काय म्हणतील? सैल बांधली म्हणतील मी.

सरिता : अन् बांधशील का सैल?

करिश्मा : नाई. घट्टच बांधीन, ताई.