तळ्यावरचा गुलाल

हसायचं असंल तं आताच हसून घ्या. स्वराज्य आल्यावरची दुसरी मंडई, म्हंजे आमची दिवाळीनंतरची गावजत्रा. पंचांनी घोड्यांच्या दोन्ही शर्यती संगच सोडल्या. एका कोसाचे घोडे आंब्यापासून वळायचे, चार कोसांचे तळ्यापासून. तळ्यावर थांबून लांबच्या घोड्यांच्या कपाळाले गुलाल लावायचं काम माझं. गुलाल नसला तं घोडा बाद.

मी गेलोच नाही, गावातच नाचगाण्याची दंडार पाहत बसलो. मंग लांबचे पाचही घोडे परतले, अन् पाचांच्याही कपाळाले गुलाल!

"कोनं लावला रे?" मी स्वाराले विचारलं.

"तूच तं! पन हाका मारल्या, तं बोलला काऊन नाही?"

मी कमरेची, पंचांनी देलेल्या गुलालाची पुरचुंडी चाचपली. गाठ मीच मारलेली, तशीच होती. सोडून पाहिली, तं आत चिमूटभरही गुलाल नव्हता.