बरोबर आलेलं खोटं

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग आख्यान.

एक माणूस खोटं बोलला. चुकून नाही हं — समजून, उमजून, शुद्धीवर असताना बोलला. आणि देवाची करणी बघा — ते खोटं जसंच्या तसं खरं झालं! आता सांगा, तो माणूस खरा की खोटा? त्याला पाप लागलं की नाही?

हे पुढचे काका मान हलवताहेत. पण हो म्हणताहेत की नाही, ते काही कळत नाही. काका, निवडणुकीला उभे होता वाटतं!

असो. गोष्ट कोल्हापूरची. आता कोल्हापूर म्हटलं की तालीम आली. पण तिथं तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे बरं! प्रत्येक पेठेची तालीम, आणि प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ. पेठेत पोर जन्माला आलं की आधी संघ ठरतो, मग नाव ठेवतात! तुम्ही म्हणाल, बुवा, कीर्तनात फुटबॉल कुठं आणला? अहो, बावीस माणसं एका चेंडूमागं दीड तास भान हरपून धावतात. तुम्ही देवापुढं दीड मिनिट तरी तसे उभे राहता का? मग गप्प ऐका!

तर त्या शहरात जुनी वेस नावाची एक तालीम. तिच्या दाराशी एक काळा फळा. त्या फळ्यावर काय लिहायचं? कुणाचं निधन झालं, रक्षाविसर्जन किती वाजता, पाणी कधी येणार नाही. आणि दर शुक्रवारी सकाळी त्याच फळ्याच्या उजव्या बाजूला एक माणूस खडूनं लिहायचा — या आठवड्यात कोण जिंकणार.

त्याचं नाव रंगराव मिठारी. पेठेचा नाना. वीज कंपनीत एकतीस वर्षं मीटरचं रीडिंग घ्यायचं काम केलेला. एकतीस वर्षं, मंडळी! रोज शंभर दारं. मीटरवर जो आकडा दिसेल तो लिहायचा. मालक म्हणो "जास्त लिहिलात", मालकीण म्हणो "चहा घ्या की नाना, आणि जरा कमी लिवा" — नाना चहा घ्यायचा, आकडा तोच लिहायचा!

निवृत्त झाला, तरी डोळ्याची सवय जाईना. पहाटे मैदानावर जायचा. सगळ्या संघांचा सराव बघायचा. कोण डाव्या पायावर भार टाकत नाही, कोण पळून झाल्यावर गुडघ्यावर हात ठेवतो, कुणाचं कुणाशी भांडण आहे — सगळं टिपायचा आणि शुक्रवारी लिहायचा. ना पंचांग, ना कौल. नुसते डोळे!

आणि निष्ठुर किती? स्वतःच्या तालमीविरुद्ध लिहायचा! एकदा लिहिलं — "जुनी वेस हरणार, दोन–एक." तालमीच्या पोरांनी आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. घरी मालनकाकी म्हणाल्या, "अहो, दुसऱ्याच्या पेठेत राहायला जाऊया का आपण? तिथं तरी भाजीवाली नीट बोलंल माझ्याशी!" रविवारी काय झालं? दोन–एक!

महापालिकेची निवडणूक आली की वॉर्डात कोण येणार, हेही त्याच फळ्यावर. कारण प्रत्येक घराचा उंबरा त्यानं ओलांडलेला. कोणत्या दारात कोणत्या पुढाऱ्याचं नाव घेतलं की कपाळाला आठी पडते, ते त्याला पाठ! लोक म्हणायचे, "नानानं लिहिलंय म्हणजे नानाला तसं दिसलंय." बस्स. त्या माणसाजवळ एवढी एकच गोष्ट होती. बाकी कमाई काही नाही. पण ही एक — अहो, राजाजवळ नसते!

आता एका वर्षी काय झालं, एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या. रविवारी अंतिम सामना — जुनी वेस विरुद्ध नागझरी तालीम. आणि मंगळवारी वॉर्डाचं मतदान. उभा कोण? जुनी वेस तालमीचा अध्यक्ष, हिंदुराव सरनाईक. नानाचा बालमित्र! विसाव्या वर्षी नानाचा पाय मैदानात मोडला, तेव्हा त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत नेलं ते याच हिंदुरावनं.

गुरुवारी दिवेलागणीला हिंदुराव नानाच्या घरी आला. चपला काढल्या, पाटावर बसला.

"रंगा, उद्या माझं नाव लिही."

"दिसत न्हाई गा."

"किती दिसतंय?"

"दोनशेनं पडतोस. खालची गल्ली तुझ्याबरोबर न्हाई. आठ वर्षं त्यांच्या नळाला नुसता वारा येतोय. त्यांच्यासाठी अर्ज घेऊन हिंडला कोण? गवळी मास्तर. आणि तुझ्यासमोर उभा कोण? गवळी मास्तरच!"

"आणि रविवारी?"

"दोन गोलनं जातोय. आपला गोलकीपर, नदाफांचा समीर — अंगठा सुजलाय त्याचा. लपवतोय. सरावात चेंडू धरत न्हाई, तळहातानं ढकलतोय."

मंडळी, हिंदुरावनं पाकीट काढलं असतं ना, तर नाना हलला नसता. धमकी दिली असती, तर नानानं त्याला दार दाखवलं असतं. पण हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी आलं!

"रंगा, दोनदा उभा राहिलो. दोनदा तू लिहिलंस — हिंदुराव पडणार. दोनदा पडलो. लेका, मी पडतो म्हणून तू लिहितोस, का तू लिहितोस म्हणून मी पडतो? एकदा तरी उलटं लिव्ह की! एकदाच!"

लोभाला तोंड देता येतं, मंडळी. भीतीलाही देता येतं. पण ज्यानं खांद्यावरून नेलं, त्याच्या डोळ्यातल्या पाण्याला कसं तोंड द्यायचं?

शुक्रवारी सकाळी नानानं फळ्यावर लिहिलं — "रविवार : जुनी वेस, एक–शून्य. वॉर्ड : हिंदुराव सरनाईक."

चौकात जल्लोष! घरी मालनकाकींनी फक्त एवढंच विचारलं, "दिसलं का तुम्हाला?" नानानं पेपर उघडला. अहो, उलटा धरला होता पेपर!

आला रविवार. स्टेडियम भरलं, भिंतीवर माणसं, झाडावर माणसं. नाना नेहमीच्या पायरीवर बसला आणि त्याला माहीत होतं ते घडायला लागलं. नागझरीचे हल्ल्यावर हल्ले! तेराव्या मिनिटाला चेंडू खांबावर. एकतिसाव्याला पुन्हा खांबावर! समीर सुजलेल्या अंगठ्यानिशी डावीकडं झेपावतोय, उजवीकडं झेपावतोय. मध्यंतराला शून्य–शून्य. हे कसं झालं? नानाला कळेना.

सत्त्याऐंशीवं मिनिट. जुनी वेसच्या किरण हुजरेनं उजव्या कडेनं चेंडू उचलला. कुणासाठी? कुणासाठीच नाही, हो! पाय घसरला होता त्याचा! चेंडू वर गेला, खाली आला, नागझरीच्या बचावपटूच्या पाठीला लागला — पाठीला! — आणि जाळीत!

एक–शून्य!

वीस हजार माणसं उभी राहिली. फटाके, शिट्ट्या, मिठ्या! आणि नाना? नाना बसून राहिला. अंगावर काटा आला होता, पण आनंदाचा नव्हे. त्या जाळीत अजून डोलणाऱ्या चेंडूकडं तो बघत होता आणि त्याला वाटलं — हे माझ्या खडूनं झालं की काय?

इथं थांबा, मंडळी! हा क्षण ओळखा. खोटं बोलणं ही पहिली पायरी. आपलं खोटं ऐकून देवानं जग बदललं, असं वाटणं — ही दुसरी. आणि दुसऱ्या पायरीवरून पडलेला माणूस सहसा उठत नाही!

सोमवारी सकाळी नानाच्या दारात रांग. एक म्हणतो, "नाना, पोरीचं लग्न कधी जमतंय ते लिवा." दुसरा म्हणतो, "परीक्षेचा नंबर आणलाय, यावर खडू फिरवा!" एका आजीनं तर म्हैस कधी विणार विचारलं! आणि खरं सांगू? नानाला बरं वाटलं. एकतीस वर्षं दुसऱ्याचे आकडे लिहिले. आता आपण लिहू तो आकडा! काकी म्हणाल्या, "अहो, म्हशीचं तरी नका सांगू." तो हसला. पण नाही म्हणाला नाही.

मंगळवारी मतदान, बुधवारी मोजणी. हिंदुराव सरनाईक विजयी. किती मतांनी? नऊ!

मिरवणूक निघाली. उघडी जीप, हलगी, घुमकं, गुलालानं रस्ता लाल. जीप तालमीपाशी थांबली, पोरांनी नानाला उचललं आणि हिंदुरावशेजारी उभं केलं. "नानाचा खडू — कधी न चुकणार!" घोषणा बघा! आणि त्या गर्दीतून खालच्या गल्लीतल्या हौसाबाई वाट काढत आल्या. हातात साखरेची पुडी. जीपचा दांडा धरून म्हणाल्या,

"नाना, तोंड गोड करा. तुमच्यामुळं शहाण्या ठरलो आम्ही."

"का हो मावशी?"

"मी मास्तरालाच मत देणार हुते. लई हिंडला बिचारा आमच्यासाठी. पण म्हटलं, नानानं लिहिलंय, येणार हिंदुराव. मग पडणाऱ्याला देऊन काय करायचं? येणाऱ्याला दिलं, तर उद्या दारात उभं तरी राहता येईल! आमच्या घरातली चार आणि शेजारची सहा, सगळ्यांनी तेच केलं बघा."

दहा मतं फिरली, मंडळी. आणि फरक नऊचा! हिशेब करायला शाळेत जायला नको.

नानाच्या हातात साखर होती. ती तोंडापर्यंत जाईना. त्याला वाटत होतं, आपण जिंकणारा ओळखला. अहो, ओळखला कुठं? घडवला! ज्या दारांनी एकतीस वर्षं त्याच्यावर विश्वास टाकला, त्याच दारांत शिरून त्यानं आकडा फिरवला!

नानानं हलगीवाल्याला हात केला. "थांब." हलगी थांबली. एकेक करत शिट्ट्या थांबल्या. आणि शुद्ध, सपाट आवाजात, रीडिंग सांगावं तसा तो बोलला —

"गेल्या शुक्रवारी मी फळ्यावर लिहिलं ते खोटं होतं. मला सामना दोन गोलनं गेलेला दिसला होता. हिंदुराव दोनशेनं पडलेला दिसला होता. दिसलं एक, लिहिलं दुसरं."

"पण बरोबर आलं की नाना!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"बरोबर आलं," नाना म्हणाला. "पण खरं नव्हतं. चेंडू आत गेला तो नशिबानं आणि समीरच्या सुजलेल्या अंगठ्यानं. त्यात माझं काही नाही. आणि मतं गेली ती माझ्यामुळं. खालच्या गल्लीला मी फसवलं."

गुलाल हवेतून खाली बसताना दिसत होता. विजयाच्या जीपवर उभं राहून, जिनं त्याला डोक्यावर घेतलं त्याच गर्दीसमोर एक म्हातारा स्वतःच्या हातानं स्वतःला खाली उतरवत होता! असं दृश्य बघायला पुण्य लागतं, मंडळी.

मग कालवा उठला. "ओढा खाली त्याला!" "नागझरीनं फोडला!" आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुरावकडं. आता हा नानाच्या कानाखाली वाजवणार!

हिंदुराव जीपवरून उतरला. तोंड लालभडक, गळ्यात पाच हार. म्हणाला, "गप्प बसा! मी मागितलं म्हणून त्यानं लिहिलं. गुरुवारी त्याच्या घरात बसून रडलोय मी. खोटं त्याचं एकट्याचं न्हाई, माझं पण आहे."

त्यानं हार काढून जीपच्या बॉनेटवर ठेवले आणि हौसाबाईंसमोर हात जोडले. "मावशी, फसवून मत घेतलंय तुमचं. काय करू, सांगा."

हौसाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. कमरेवर हात ठेवला.

"मत काय उसनी वाटी हाय व्हय रं, परत मागायला? दिलं ते गेलं! आता असं कर. मास्तराकडं आमच्या पाण्याची फाईल हाय. ती घे, आणि त्यालाच संगं घेऊन महापालिकेत जा. त्याला रस्ता ठाऊक हाय आणि तुला खुर्ची मिळालीया. दोघं मिळून एक नगरसेवक व्हतोय का बघू!"

आणि मंडळी, ती मिरवणूक — हलगी बंद, घोषणा बंद — गवळी मास्तरांच्या दारात गेली. मास्तर एकटेच बसले होते. नाना पुढं झाला. म्हणाला, "मास्तर, तुमच्या हक्काची मतं मी पळवली." मास्तर उठले, कपाटातून फाईल काढली, धूळ झटकली. हिंदुरावला म्हणाले, "सरनाईक, यात त्रेचाळीस अर्ज आहेत. वाचायला चष्मा आणलाय का?"

पाणी आलं का? आलं. चौदा महिन्यांनी, तेही दिवसाआड. मी काय रामराज्याची गोष्ट सांगत नाहीये! पण आलं.

तर काका, आता सांगा — तो माणूस खरा की खोटा? शुक्रवारी तो खोटा होता. रविवारी सामना जिंकला, तरी खोटाच होता! जग आपल्या बोलण्यासारखं वागलं म्हणून आपलं बोलणं खरं ठरत नसतं. तो खरा झाला बुधवारी, जेव्हा सगळं गाव त्याला बरोबर म्हणत होतं आणि तो एकटा नाही म्हणाला. हरलेला माणूस चूक कबूल करतो, त्यात नवल नाही. जिंकलेल्यानं करावी — तिथं देव उभा असतो!

आणि तुम्ही? हसताय कशाला? उद्या सकाळी तुमच्या फोनवर निरोप येईल — "आपलाच माणूस येणार, शंभर टक्के!" अंगठा लगेच शिवशिवेल, दहाजणांना पाठवायला. त्या अंगठ्याला तिथंच धरा, मंडळी. त्याला विचारा — बाबा, तुला हे दिसलंय, का तुला हे हवंय? उत्तर येईपर्यंत पांडुरंगाचं नाव घ्या. बराच वेळ घ्यावं लागेल! घ्या, आत्ताच सुरुवात करा. टाळ उचला, आणि जे मनापासून वाटतं तेवढंच तोंडानं म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!