पट्टी मी लावली होती

नाही साहेब, सही होणार नाही. चहा घ्या, पण तो कागद आधी बॅगेत घाला. काय लिहिलंय तुमच्या कंपनीने — 'परवानगीशिवाय पुलाखाली गेला'? माझा मेहुणा? वीस वर्षं स्फोटाच्या कामात काढलेला माणूस आपल्या मनाने जाईल? पुलाचा गर्डर अंगावर कोसळला, दवाखान्यात आडवा पडलाय, बोलता येत नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी मारायचं — छान आहे!

आमचं काम तरी माहीत आहे का तुम्हाला? नसणारच. आम्ही दोघं फौजेतले. सुरुंग पेरलेलं मैदान असलं की रॉकेट सोडायचं, त्याच्यामागे दारू भरलेला लांबच लांब दोर सरसरत जायचा, जमिनीवर आडवा पडायचा आणि धडाम् — वाट मोकळी. मोकळी झाली असं आपण म्हणायचं हो, खात्री कोण देणार? म्हणून आमची रीत — दोर ज्याने सोडला, त्यानेच त्या वाटेवर आधी चालायचं. मी चाललो आहे, अकरा वेळा. एकेक पाऊल मोजून टाकायचो, खोटं कशाला बोलू? निवृत्त होऊन पूल पाडायच्या कामाला लागलो, तिथेही तेच. इथे दोराऐवजी तांब्याच्या कवचातली स्फोटकाची पट्टी, गर्डरला चिकटवून उडवली की पोलाद सरळ कापलं जातं. पट्टी लावणाऱ्यानेच मग आधी आत जाऊन बघायचं. मेहुण्याने ही रीत कधी मोडली नाही, कधीच नाही —

काय विचारलंत? मग त्या गर्डरची पट्टी कोणी लावली?

भलतेच हुशार निघालात. मी लावली. कोपऱ्यात जुन्या रंगाचे पापुद्रे होते, खरवडायला हवे होते, नाहीतर पट्टी घट्ट बसत नाही, पण म्हटलं चालतंय. नाही चाललं — गर्डर अर्धाच कापला, लोंबकळत राहिला. बघायला जायची वेळ आली तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त काढलं. गुडघा कसला, घाबरलो होतो मी! तो म्हणाला, "दादा, तुम्ही बसा, मी येतो बघून." आणि मी बसलो.

बहिणीला सांगितलंय, मी त्याला अडवत होतो म्हणून. ती बिचारी रोज दवाखान्यात जाताना माझ्याही जेवणाचा डबा ठेवून जाते...

द्या तो कागद इकडे. हे त्याचं नाव खोडलं — आणि हे माझं लिहिलं, पट्टी मी लावली होती म्हणून. स्फोटाचं लायसन्स जातंय तर जाऊ दे, त्या खिळ्याला अडकवलंय, काढून घ्या. आता उठा. ती यायची वेळ झालीये, तुमच्यासमोर नाही सांगायचं मला तिला.