आमच्या ह्यांच्या इंग्रजी सिरियली

— नाही नाही मॅडम, बंद नका करू, चालू राहू द्या. हे दूध आणायला गेलेत, येतीलच, लिफ्ट बंद आहे म्हणून वेळ लागतोय. आले आणि टीव्ही बंद दिसला की त्यांना वाटतं घरात काहीतरी झालं. बसा तुमी. ते मशीन पिशवीतच राहू द्या जरा. सोनल ना नाव तुमचं? भाविकानं, आमच्या मुलीनं, फोन केला होता — आई, सोनल मॅडम येतील, गळ्याला मशीन लावून बाबांना बोलायला शिकवतील. म्हटलं येऊ देत. कामोठ्यात पाणी वेळेवर येत नाही, तुमी आलात.

टीव्हीवरचं हे होय? हे विलायतेचं आहे. जुन्या काळातलं, राणीच्या. मला इंग्रजी येतं का? येत नाही. ह्यांना? ह्यांना ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं तेवढं येतं. तरी बघतो. रोज दुपारी जेवण झालं की बसतो. तुमी बघत नाही? बघा. फार आराम पडतो. मोठा दगडी बंगला असतो, पुढं हिरवंगार गवत, आणि त्यावर एकसुद्धा गाडी पार्क केलेली नसते. बाई उठते आणि चालायला जाते. नुसती चालते, चिखलातनं — कुणी विचारत नाही कुठं निघालीस, येताना कोथिंबीर आण. माणसाचं बाईवर प्रेम असतं, तो तिच्यासमोर येतो, हवा गार आहे म्हणतो आणि निघून जातो. झाला भाग. आणि ओरडत कुणी नाही, मॅडम. फार म्हणजे फारच राग आला, की तिथला माणूस हातमोजे काढतो. सगळं घर घाबरतं.

आमच्याकडं हातमोजे नव्हते. हे कळंबोलीला, लोखंडाच्या बाजारात — पस्तीस वर्षं ट्रक माल भरायला लावायचं काम. रावसाहेब म्हटलं की अख्खं यार्ड ओळखतं. तिथं पत्रे पडतायत, हॉर्न वाजतायत, हळू बोलून चालतच नाही, हे मला मान्य आहे. पण घरी आल्यावर आवाजाचं बटण खाली करायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मी? मी काय सांगणार, मला मधे जागा मिळाली पाहिजे ना बोलायला. चहा गार, ओरडा. टॉवेल ओला, ओरडा. हात कधी उचलला नाही, ते खोटं नाही बोलणार मी. भाविकाच्या साखरपुड्याला आमटीत मीठ जरा कमी पडलं, तर व्याह्यांच्या पंगतीत — अक्कल गहाण टाकलीस का, म्हणून. सगळे पानात बघायला लागले. व्याही भला माणूस, म्हणाला मला कमीच लागतं. मी पोळ्या वाढत राहिले. दुसरं काय करणार, पोळ्या हातातच होत्या.

मग घसा बसला. आमाला वाटलं ओरडून बसला. डॉक्टर म्हणाले कॅन्सर, आवाजाची पेटीच काढायला लागेल. काढली. गळ्याला ते भोक, श्वास तिथनंच — तुमाला काय सांगायचं, तुमचं कामच ते. घरी आले. पहिले दिवस चमच्यानं ताट वाजवायचे. टण टण टण. मी म्हटलं, देवळात आहोत का आपण? तर ताट फेकलं. आणि फेकल्यावर जे बोलायचं असतं ते आलंच नाही, नुसता वारा आला गळ्यातनं. तेव्हा रडले हो. रडायचासुद्धा आवाज नाही. मी ताट उचललं, शेजारी बसले.

त्यानंतर भाविका आली आणि तिनं टीव्हीवर हे इंग्रजी लावून दिलं. म्हणाली, बाबा, ह्यात भांडणं नाहीत, डोकं शांत राहील. दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी मला हातानं विचारलं — हा काय म्हणतोय? आता मला काय माहीत? पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काहीतरी विचारलं होतं, माहीत नाही कसं म्हणू? म्हणून मी सांगितलं. मनानंच. एक टोप्या शिवणारी विधवा आहे, तिच्या दुकानात एक बडी बाई येते, नाक वर करून काहीतरी बोलते. मी म्हटलं, बाई म्हणते, ही टोपी आहे का भजं? आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, श्वास अडकला वाटलं. तर हसत होते.

झालं. तेव्हापासनं मी बोलते, हे ऐकतात. जहागीरदाराचं मी बोलते, मोलकरणीचं मी बोलते, घोड्याचंसुद्धा मीच. एवढं मी लग्न झाल्यापासनं बोलले नव्हते. घर असं छान वाटायला लागलं, खरं सांगते, मला तर वाटतं हे असंच — नाही, तसं नाही म्हणायचं मला. आजारपण कुणाचं चांगलं असतं का. चहा घ्या ना, साय धरली.

गेल्या आठवड्यात एक झालं. त्या टोपीवालीचा दीर, ज्यानं तिला घराबाहेर काढलं तो, दारात येऊन उभा राहतो आणि खाली बघून दोन वाक्यं बोलतो. इंग्रजीत काय बोलला देव जाणे. घोड्याला पाणी दाखवा म्हणाला असेल. पण माझ्या तोंडातनं गेलं — तुला फार बोललो मी, चारचौघांत बोललो, माझं चुकलं. ह्यांनी रिमोट घेतला, मागं नेलं. मला वाटलं ऐकू गेलं नाही, परत म्हटलं. त्यांनी परत मागं नेलं. तेव्हा मी गप्प बसले. तो गोरा बिचारा बोलत राहिला एकटाच. आणि ह्यांनी छातीवर हात ठेवला, असा, आणि टीव्हीकडं नाही, माझ्याकडं बघून ओठ हलवले. मी म्हटलं, कुकर बघते. आत गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाविकाला ह्यांचा मेसेज. मशीनवाल्या मॅडमना बोलव. डॉक्टर इतके दिवस सांगत होते तर नको नको, आणि आता आपणहून. म्हणजे काहीतरी बोलायचंय ना? ओठ हलवले तेव्हा काय म्हणाले, मला कुठं कळलं? मी मला पाहिजे ते ऐकून घेतलं, त्या गोऱ्याचं करते तसं. मीठ कमी आहे म्हणाले असतील तर? मॅडम, ते मशीन आजच लावायला पाहिजे का? थोडं नादुरुस्त आहे म्हणून सांगता येईल, नाही का — तुमचं काही जात नाही —

आलात? द्या ती दुधाची पिशवी. ह्या सोनल मॅडम. हो, मशीन आणलंय. लगेच? दम तर खा, जिना चढून आलात. बरं बसा. लावा मॅडम, आता काय. इथं, हनुवटीखाली? आणि बटण दाबून नेहमीसारखे ओठ हलवायचे. बरं.

अगं बाई. पंपासारखं घुरघुरतंय हो. मला नाही कळलं. सावकाश म्हणा. कुणाकडं बोट दाखवताय, टीव्हीकडं? बंद करू? मग? परत म्हणा एकदा.

— 'तो काय म्हणतोय.'

तो होय? तो म्हणतोय...

मॅडम, आजच्यापुरतं बास करा. जाताना दार तेवढं ओढून घ्या.